राखेचं सिमेंट

ओल्या गोणपाटाला एक वास असतो. तागाचा, सिमेंटचा आणि उन्हानं कोमट झालेल्या पाण्याचा मिळून झालेला. मार्च सरत आला, सुरतेतलं ऊन अंगाला टोचायला लागलं, की बांधकामांवर खांबांना गोणपाटं गुंडाळलेली दिसतात. कुणीतरी नळी घेऊन त्यांच्यावर पाणी मारत असतं आणि तो वास रस्त्यावर येतो. माझ्या मैत्रिणींना परीक्षेचे दिवस म्हटलं की लायब्ररी आठवते, गॅलरीत फिरत केलेली पाठांतरं आठवतात. मला ते गोणपाट आठवतं, आणि त्याच्यासोबत माझा राग.

हो, रागच. त्या वर्षीचा उन्हाळा मी रागावर काढला. पुढं वय वाढलं, केस पांढरे झाले, लोक म्हणाले आता तरी निवळा. मी निवळले नाही. काही राग जपून ठेवण्यासारखे असतात, तसा तो आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आबा, म्हणजे माझे वडील, अमळनेरकडून लूम चालवायला सुरतेत आले आणि इथलेच झाले. माय घरी बसून साड्यांचे धागे कापायची. पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्याकडून साड्यांचे गठ्ठे यायचे. उलट्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीनं कापायचे, घडी घालायची, परत द्यायचे. आम्ही भेस्तानला चाळीत राहत होतो. समोर कच्ची गल्ली, तिच्यापलीकडे चाळीच्या मालकाचं सुताचं गोडाऊन. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचायचं आणि हळूहळू उंबऱ्यावर चढायचं. मग माय साड्यांचे गठ्ठे कॉटवर, कॉटवरून फळीवर, फळीवरून माळ्यावर असे चढवत राहायची. माझ्या लहानपणीचे सगळे पावसाळे मला असे उभे आठवतात, जमिनीपासून वर वर सरकणारे.

त्या वर्षी हिवाळ्यात मालक स्वतः टेप घेऊन आले. सगळे त्यांना शेठ म्हणत. "उनाळामां पाकुं करी नाखीशुं," ते म्हणाले. उन्हाळ्यात गल्ली पक्की करून टाकू. चाळ खूश झाली. मी मात्र त्यांच्या माणसानं नव्या गल्लीची पातळी दाखवायला बांधलेल्या दोरीकडे बघत होते. दोरी गोडाऊनकडे उंच होती आणि आमच्याकडे उतरत आली होती, तरीही आमच्या उंबऱ्यांच्या वीतभर वर. म्हणजे गल्ली घरांपेक्षा उंच होणार होती आणि पडलेलं सगळं पाणी नीट उतारानं आमच्या दारात येणार होतं.

"शेठ, पाणी कुठे जाणार?" मी विचारलं.

"गटारात."

"गटार तिकडे आहे. उतार इकडे आहे."

शेठ माझ्याकडे बघून हसले. "बेन, तू भणे छे ने? तो भण." शिकतेस ना, मग शीक.

माय दारात बसली होती. कात्री खाली ठेवून ती उठली. मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती ती. पण त्या दिवशी तिचा आवाज पलीकडच्या टोकाला ऐकू गेला. "शेठ, तुमना गोडाऊनमा पानी नको, म्हनीसन आमना घरमा का?"

शेजारच्या कुसुमकाकू बाहेर आल्या. त्या अमरावतीकडच्या, त्यांचे यजमान बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचे. मागोमाग आणखी बायका आल्या. शेठ वैतागले. म्हणाले, "मग करा तुम्हीच. घरात इंजिनीअर आहे ना? एक पावसाळा बघतो. पाणी साचलं तर पुढच्या वर्षी मी माझ्या दोरीनं गल्ली उचलणार, आणि तेव्हा कुणी तोंड उघडायचं नाही."

"चालेल," मी म्हणाले.

चालेल म्हणायला काय लागतं? काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकात रस्त्यावरचं पाणी बाजूला काढायचं शिकवलं होतं. बाजूला काढायला जागाच नसेल तर काय, ते शिकवलं नव्हतं.

कॉलेजच्या लायब्ररीत परदेशी मासिकांचं एक धूळ खात पडलेलं कपाट होतं. त्यात मला ते सापडलं: बिनवाळूचं काँक्रीट. एकाच मापाची बारीक खडी, सिमेंट, अगदी थोडं पाणी. वाळू नाही, त्यामुळे खड्यांमधल्या फटी भरतच नाहीत. वरून ओतलेलं पाणी आरपार खाली जातं. फोटोत एक माणूस त्यावर बादली उपडी करत होता आणि पाणी गायब होत होतं. त्या फोटोकडे मी इतका वेळ पाहत बसले की लायब्ररीतल्या बाईंनी दिवे बंद करून पुन्हा लावले.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी तोच विषय मागितला. आमचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, ते कडक आणि प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी पान वाचलं आणि चष्मा काढला.

"काणावाळुं काँक्रीट? भोकांचं? आम्ही जन्मभर काँक्रीटमधली छिद्रं बुजवायला शिकवतो, आणि तुला छिद्रं पाडायची आहेत?"

"पाडायची नाहीत साहेब, ठेवायची आहेत."

"बरं. वरचं पाणी खाली गेलं. खाली भेस्तानची काळी माती. ती पिणार आहे का?"

प्रश्न खरा होता. घरी येऊन मी दारासमोर खणून पाहिलं. काळी माती फावड्याला मेणासारखी चिकटली. भिजली की ती पाणी धरून बसते, सोडत नाही. आठवडाभर डोकं खाजवून मी परत गेले. म्हटलं, काँक्रीटखाली फुटक्या विटा आणि मोठ्या खडीचा जाड थर घालीन. पाणी तिथं थांबेल, आणि तिथून एक पाइप गटाराला नेईन. साहेबांनी माझ्या चित्रातल्या पाइपावरून बोट फिरवलं.

"कर," ते म्हणाले. "पण एक ऐक. छिद्रांमुळे ताकद कमी होणार. ती सिमेंटनं भरून काढ. लॅबमध्ये कितीही सिमेंटांची तुलना कर, गल्लीत मात्र त्रेपन्न ग्रेडचंच घाल. बाजारातलं सगळ्यात मजबूत."

यातही चूक काय होतं? सगळ्यात मजबूत ते सगळ्यात चांगलं, असं तेव्हा सगळेच मानत. आजही मानतात. मागच्याच आठवड्यात पर्वत पाटियाला एका मार्केटच्या पार्किंगसाठी बैठक होती. व्यापाऱ्याचा मुलगा, चांगला शिकलेला, फोनवरून मान न उचलता म्हणाला, "मॅडम, सबसे स्ट्राँगवाला डालो, बात खतम." मी म्हटलं, बात तिथूनच सुरू होते.

तेव्हा मिळणाऱ्या सिमेंटांपैकी मी तीन निवडली. एक त्रेपन्न ग्रेडचं, बारीक दळलेलं, घाईचं. पाणी लागलं की झपाट्यानं घट्ट होणारं. दुसरं राख मिसळलेलं. वीजकेंद्रात कोळसा जळून उरते ती राख सिमेंटमध्ये घालतात. ते सावकाश घट्ट होतं, सावकाश ताकद धरतं. गवंडी त्याला नाक मुरडायचे. साहेब म्हणायचे, "राख घातलेलं सिमेंट म्हणजे पाणी घातलेलं दूध." तिसरं स्लॅगचं, लोखंड गाळताना वर येणाऱ्या मळीचं. तेही सावकाशच. ते सुरतेच्या दुकानांतून सहज मिळत नव्हतं. कुसुमकाकूंच्या यजमानांनी सांगितलं की इच्छापोरला खाडीच्या कामावर खाऱ्या पाण्यासाठी ते मागवलेलं आहे.

एका दुपारी मी आणि माय इच्छापोरला गेलो. हजिरा रोडवरच्या त्या धुळीत बस आम्हाला सोडून गेली. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, लेडीज का काम नहीं है इधर. माय तिथल्या दगडावर बसली आणि म्हणाली, "आमी बसेल शेत. तुमना साहेब येवू दे." उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, हलणार नाही अशी. शेवटी स्टोअरचा माणूस बाहेर आला. तो वर्ध्याकडचा निघाला. मराठी ऐकून त्याचा चेहरा सैलावला. कशाला पाहिजे म्हणून त्यानं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. फाटलेल्या पिशवीतलं, पण कोरडं सिमेंट त्यानं एका गोणीत भरून दिलं. "काहून बाप्पा, एवढ्यासाठी बुढीले उन्हात बसवलं?" तो वॉचमनला म्हणाला. मायला बुढी म्हटल्याचा राग आला, पण गोणी हातात होती म्हणून ती गप्प राहिली. परतीच्या बसमध्ये ती गोणी आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती, तिसऱ्या पाहुण्यासारखी.

होळीच्या सुमारास गल्लीतलं काम काढलं. लूमला सुट्टी होती त्या दिवशी आबा आणि चाळीतले पुरुष खणायला लागले. एका पडक्या भिंतीच्या विटा मिळाल्या, त्या फोडून खाली घातल्या. पाइप टाकला. वरच्या थरासाठी बायका तयार होत्या. हे काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून मी मुरमुऱ्याचे लाडू डोळ्यांसमोर आणायला सांगितले. मुरमुरे म्हणजे खडी, गुळाचा पाक म्हणजे सिमेंट. पाक प्रत्येक मुरमुऱ्याला नुसता लागला पाहिजे. पातळ झाला तर तळाला साचतो, कमी पडला तर लाडू फुटतो. कुसुमकाकू म्हणाल्या, "अन् पाक लवकर आळला तं लाडू वळतच नाही." मी हो म्हटलं आणि पुढं गेले. त्या वाक्यावर तेव्हा मी थांबले नाही.

त्रेपन्न ग्रेडचं सिमेंट, आमच्या दारापासून नळापर्यंतचा तुकडा. सकाळी सुरुवात केली, पण माल हातानं कालवायचा, घमेल्यांतून न्यायचा, पसरायचा. ऊन चढलं. थोडंसंच पाणी घातलेलं ते मिश्रण बघता बघता कोरडं पडायला लागलं. खडी चकाकत होती ती निस्तेज राखाडी झाली. आम्ही ठोकत होतो, पण खड्या एकमेकींना धरत नव्हत्या. पाणी वाढवावं तर पाक खाली ओघळून तळ बंद होणार. मी घामानं निथळत तो तुकडा कसाबसा पुरा केला. वर बादली ओतली. पाणी गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ते टिकणार नाही, हे मला आतून माहीत होतं.

आठवडा उलटला आणि साड्यांची लारी, म्हणजे हातगाडी, त्यावरून गेली. चाकांमागून खड्या सुट्या झाल्या. मग दुधवाल्याची सायकल, मग पोरं. पोरांना गोट्या खेळायला खडे मिळाले. महिना भरायच्या आत तिथं काँक्रीट होतं हे सांगावं लागलं असतं. शेठचा मुनीम रोज सकाळी येऊन पायानं खडे उडवून बघायचा आणि काही न बोलता जायचा. बोलला असता तर बरं झालं असतं.

घरात मी जेवले नाही. आबा लूमवरून आले, हात धुतले, आणि म्हणाले, "धागा तुटस. रोज तुटस. लूम बंद करतंस का आमी?" एवढंच म्हणून ते झोपले. मायनं विचारलं, "आते काय?"

"फोडायचं," मी म्हटलं. "आणि पुन्हा करायचं. राखेच्या सिमेंटनं."

तोवर लॅबमध्ये माझे ठोकळे तयार होत होते. तिन्ही सिमेंटांचे, सारख्याच खडीचे, सारख्याच मापाचे. आणि तिथं मला एक गोष्ट दिसली जी आकड्यात नव्हती, हातात होती. राखेचं सिमेंट उन्हातसुद्धा बराच वेळ ओलं, मऊ राहायचं. मूठभर माल दाबला की गोळा टिकायचा आणि तळहाताला चमक यायची. स्लॅगचंही तसंच. त्रेपन्नच्या गोळ्याला मात्र थोड्याच वेळात तडे जायचे. साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, "गोळ्यावर इमारत उभी राहत नाही."

सात दिवसांचे ठोकळे फोडले. राखेचे आणि स्लॅगचे फारच लवकर फुटले. त्रेपन्नचा ठोकळा दाबाखाली कितीतरी वेळ टिकून राहिला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांना माझी काळजी वाटत होती.

"आणखी एक," ते म्हणाले. "तू लिहिलं होतंस की सिमेंट बदललं की पाणी जाण्याचा वेगही बदलेल. बदलला?"

"नाही साहेब." खरंच नाही. फटी सारख्या असतील तर तिन्हींतून पाणी जवळजवळ सारखंच जात होतं. ते खडीवर आणि फटींवर होतं, सिमेंटवर नाही. माझा अंदाज चुकला होता.

"मग राहिलं काय? ताकदीत त्रेपन्न पुढे, पाण्यात सगळी सारखी. निष्कर्ष लिही आणि मोकळी हो. सबमिशन तोंडावर आहे."

"अठ्ठावीस दिवसांचे ठोकळे अजून पाण्याच्या टाकीत भिजताहेत. सावकाश ताकद धरणाऱ्या सिमेंटला सातव्या दिवशी कमजोर म्हणायचं, हा न्याय नाही साहेब."

"ते ठोकळे सबमिशननंतर निघतील. तारीख कुणासाठी थांबत नाही."

"मग ते रकाने रिकामे ठेवून देते."

साहेबांचा आवाज चढला. "रिकामे रकाने घेऊन बाहेरच्या परीक्षकासमोर उभी राहशील?"

"राहीन."

वर्गातले मित्र म्हणाले, वेडी आहेस, त्रेपन्न लिही, पास हो, मग काय करायचं ते कर. मग कधी? हा प्रश्न मी त्यांना तेव्हाही विचारला होता. आयुष्यभर असं "मग" म्हणणारे लोक मला भेटत राहिले आहेत, आणि त्यांचं ते मग कधी आलेलं मी पाहिलेलं नाही.

अहवाल रिकाम्या रकान्यांसह गेला. त्यात भेस्तानच्या गल्लीवर एक प्रकरण मी जोडलं. उखडलेल्या तुकड्याचे फोटो लावले, खाली लिहिलं की हे काम माझं आहे.

आणि तो तुकडा फोडून आम्ही गल्ली पुन्हा केली, आता अख्खी. एप्रिलमधली पहाट, दिवस उजाडायच्या थोडं आधीपासून. राखेच्या सिमेंटचा माल सूर्य वर येईपर्यंत मऊ राहिला. बायका शांतपणे पसरत होत्या, मागून जड रूळ फिरत होता. मुख्य म्हणजे या वेळी आम्ही लगेच वर प्लास्टिक टाकलं, त्यावर ओली गोणपाटं. सावकाश घट्ट होणाऱ्या सिमेंटला ओल जास्त दिवस लागते. त्याला तहान असते, आणि ती भागवली नाही तर ते कायमचं दुबळं राहतं.

पाणी मात्र नव्हतं. उन्हाळ्यात नळ करंगळीएवढा यायचा. प्रत्येक घरानं आपल्या वाटणीतलं थोडं थोडं गोणपाटावर शिंपडायचं ठरलं. वरच्या मजल्यावरचा एक गृहस्थ सकाळी कठड्यावरून ओरडला, "माणसांना प्यायला नाही आणि या बाया दगडांना पाणी पाजतात!"

कुसुमकाकूंनी घागर खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले. "तुह्या घागरीतलं मागतलं का रे? माह्यी घागर, माह्यं पानी, माह्यं दार. पाजीन नाही तं आंघोळ घालीन!"

तो आत गेला. तीन आठवडे रोज गोणपाटावर पाणी पडत राहिलं. परीक्षा त्याच दिवसांत झाल्या. मी पेपरला निघताना पायाखाली ओलं गोणपाट असायचं आणि तो वास माझ्या चपलांना लागून परीक्षेच्या हॉलपर्यंत यायचा.

तोंडी परीक्षेपर्यंत अठ्ठावीस दिवसांचे ठोकळे फुटले होते. आकडे मी हातानं लिहून नेले. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी कागद पाहिला. "त्रेपन्न अजूनही पुढे आहे."

"हो साहेब. थोडंसंच. सातव्या दिवशीचं अंतर आता राहिलेलं नाही."

"पण पुढे आहे. मग तुमचा राखेच्या सिमेंटचा आग्रह का?"

"टाकीत ते पुढे आहे. गल्लीत ते उखडलं."

"गल्ली म्हणजे प्रयोगशाळा नव्हे."

"प्रयोगशाळेत कुणी राहत नाही, साहेब."

आमच्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं आणि शेवटचं विचारलं, "मग एका वाक्यात सांगा, कोणतं सिमेंट चांगलं?"

"एका वाक्यात सांगता येत नाही. ऊन किती, माल हातानं कालवणार की यंत्रानं, ओल किती दिवस ठेवता येईल, हे आधी विचारावं लागतं."

मला प्रकल्पात वर्गातले सगळ्यांत कमी गुण मिळाले. ते कमी गुण मी आजवर कुणापासून लपवले नाहीत. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत विचारलं तेव्हाही सांगितलं, आणि का मिळाले तेही सांगितलं. ती नोकरी मिळाली नाही. दुसरी मिळाली.

आषाढात दोन दिवस सलग पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे साहेब आले. पत्ता अहवालात होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छत्री उलटी झालेली. मोठ्या रस्त्यावरून ते पोटऱ्यांएवढ्या पाण्यातून चालत आले होते, आणि आमच्या गल्लीत शिरल्यावर त्यांचे पाय दिसायला लागले. ते थांबले. खाली बसून त्यांनी तळहात काँक्रीटवर टेकवला. पाऊस पडत होता आणि खाली, खड्यांच्या आत, पाणी गेल्याचा बारीक आवाज येत होता. पाइपाच्या तोंडाशी जाऊन त्यांनी धार पाहिली.

"गुण आता बदलता येणार नाहीत," ते म्हणाले.

"मी मागितले नाहीत, साहेब."

"माहीत आहे." मग म्हणाले, "धुळीनं फटी भरतील. त्यात इथं सुताचा कचरा. दोन वर्षांत तुंबेल हे."

"धुऊ."

आणि आम्ही धुतलंच. साहेबांचं खरं होतं. सुताचा भुगा फटींत बसायचा. दर उन्हाळ्यात बायका खराट्यानं आणि पाण्याच्या जोरानं गल्ली धुऊन काढायच्या. कुठंकुठं काही खड्या निघाल्या, त्या परत बसवल्या. ते काँक्रीट काही चमत्कार नव्हतं. पण त्या पावसाळ्यात माझ्या मायनं साड्यांचा एकही गठ्ठा वर चढवला नाही. सगळा पावसाळा ते जमिनीवर होते. शेठ एकदा येऊन गेले. दारासमोर उभे राहिले, पायानं ठोकून पाहिलं. दोरी पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही.

दोरी मागच्या गल्लीत गेली. दिवाळी झाल्यावर एका सकाळी मागच्या चाळीतल्या बायका धावत आल्या. शेठचा खडीचा ट्रक आला होता आणि तिथंही उतार घरांकडेच होता. मला वाटलं, त्या मला विचारतील: सिमेंट कोणतं, खडी केवढी, पाणी किती. मी सांगायला तयारच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मायच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि एकीनं विचारलं, "मावशी, शेठले नही कसं म्हनानं?"

मायच्या मांडीवर अर्धी साडी होती. तिनं ती बाजूला केली, पदर खोचला आणि उठली. कुसुमकाकूंच्या दारावर थाप मारली. मला म्हणाली, "चाल."

आम्ही गेलो. मागच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा होता, इंजिन चालू होतं. एक एक करत बायका त्याच्यासमोर जाऊन बसल्या, आमच्या चाळीच्या आणि त्यांच्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. पुन्हा वाजवला. मग मुनीम आला, हात हलवून बोलला, गेला. ऊन वर आलं. गल्ली अरुंद होती, ट्रकला वळायला जागाच नव्हती. शेवटी तो खडीनं भरलेला ट्रक मागे मागे, हळूहळू, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत गेला.